किराणा ओळीतलं औषध

नागपुरात इतवारीत तीननल चौक आहे. ऑटोवाल्याला एवढं सांगितलं की पुरतं, तो गर्दीतून वाट काढत बरोबर आणून सोडतो. या गावात चौकांना पुतळ्यांची नावं आहेत, वारांची आहेत, देवांची आहेत. या एका चौकाला मात्र नळांची संख्याच चिकटली. नळ ही कधीकाळी किती अप्रूपाची वस्तू असेल, हे त्या नावावरून कळतं. अंबाझरीच्या तलावाचं पाणी १८७०च्या आसपास नागपूरकरांना मिळू लागलं. मग गोरेवाडा आला, मग कन्हान नदी, मग पेंच. गाव फुगत गेलं तसतसं त्याचं पाणी लांबून येऊ लागलं. आज त्या चौकातून हमाल पोती वाहतात, बायका मसाल्याचे भाव विचारतात, आणि नावातल्या पाण्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

या प्रकरणापुरतं आपण लक्ष देऊ. समजा, ते तीन नळ आजही उभे आहेत आणि चौकात घरदार सोडून पळून आलेली माणसं उतरली आहेत. किती जणांना पुरतील ते तीन नळ?

या प्रश्नाला छापील उत्तर आहे. आपत्तीत मदत करणाऱ्या जगभरच्या संस्था ‘स्फिअर’ नावाची मानकं पाळतात, निदान पाळायचा प्रयत्न करतात. एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी: पिणं, रांधणं, अंघोळ, धुणं सगळं त्यातच. राहुटीपासून नळ ५०० मीटरच्या आत. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये. म्हणजे तीन नळांवर ७५० माणसं. इतवारीतल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीलाही एवढी माणसं सहज असतात.

आता हाच हिशेब एका मुलीच्या बाजूने मांडून बघा. घरात पाच माणसं, म्हणजे ७५ लिटर पाणी. आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. १५ लिटरचा गुंड धरला तर पाच खेपा. नळ अर्ध्या किलोमीटरवर असेल तर एका खेपेला जाऊन येऊन एक किलोमीटर, पाच खेपांचे पाच. दर खेपेला अर्धा तास रांग, म्हणजे अडीच तास नुसतं उभं राहणं. पंधरा लिटर पाण्याचं वजन पंधरा किलो, आणि दहा वर्षांची पोर स्वतः असते तीस किलोच्या आतबाहेर. हे सगळं मानकं तंतोतंत पाळली गेली तर. पाळली गेली नाहीत तर काय, त्याचा हिशेब कुणी छापत नाही. छावणीत शाळा उघडली तरी मुली वर्गात का दिसत नाहीत, याची कारणं शोधायला निघालेल्यांनी आधी नळावर जावं.

इतवारीतच हे सारं मांडायचं कारण म्हणजे इथलं रेल्वे स्टेशन. आज त्याच्या नावामागे नेताजी सुभाषचंद्र बोस लागलेले आहेत; लोक अजून इतवारीच म्हणतात. हा जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग. इथून पूर्वेकडे निघालं की कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, मग दरेकसाचं जंगल, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर आणि शेवटी हावडा. रायपूरजवळ माना नावाचं ठिकाण आहे. पूर्व पाकिस्तानात १९६४ साली दंगली उसळल्या तेव्हा तिकडून आलेल्या बंगाली कुटुंबांसाठी तिथे मोठी छावणी उभी राहिली. निर्वासितांच्या गाड्या इतवारीला पोचायच्या आधीच, रायपूरला रिकाम्या व्हायच्या. दंडकारण्यात वसवण्यासाठी आणलेली ही माणसं. नद्या-खाड्यांच्या मुलखात वाढलेली, मुरमाड जमिनीवर उतरलेली. त्यांच्यातल्या काहींना पुढे आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी मिळाल्या. आजच्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे गेलात तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी बंगाली वळणाची नावं गावांच्या पाट्यांवर दिसतील. मराठी वाचकाला निर्वासित म्हटलं की दूरदेशीची चित्रं आठवतात, म्हणून हे सांगितलं. जरीपटका तर आपल्या गावातच आहे. फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसांनी तो वसवला. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरलेल्या सिंध्यांच्या छावणीला १९४९ साली गावाचा दर्जा मिळाला आणि नाव मिळालं ते नदीचं, उल्हासनगर. त्याच्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून सुटून इराणमार्गे ही मुलं आली, तेव्हा वाटेत, कास्पियन समुद्राकाठच्या तळावर, ताप आणि हगवणीने त्यांच्यातली कितीतरी माणसं गेली होती. युद्धातून वाचलेल्या मुलांना युद्ध संपण्याआधीच पाणी मारतं, हा अनुभव तसा जुनाच.

आता इतवारीतल्याच किराणा ओळीत येऊ. इथे पाव किलो मागणाऱ्याकडे दुकानदार दयेनं पाहतो. तरीही मी एकदा अशीच यादी घेऊन गेलो होतो: ग्लुकोजची पुडी, मीठ, खाण्याचा सोडा आणि तुरटी. “पाहुणे येऊन राहिले का दाढी करायची आहे, भाऊ?” असं त्याने विचारलं. त्याचं बरोबरच होतं. एका यादीत या चार वस्तू सहसा येत नाहीत. यातल्या पहिल्या तिघींनी १९७१ साली जे केलं ते मोठमोठ्या इस्पितळांना जमलं नव्हतं. तुरटीची गोष्ट नंतर.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सरकारने ८२५ छावण्या उघडल्या. कलकत्त्याला लागून असलेल्या सॉल्ट लेकच्या मोकळ्या मैदानावर दोन लाखांहून अधिक माणसं होती. आजच्या मानकांनी तिथे किमान ८०० नळ लागले असते, आणि दिवसाला ३० लाख लिटर पाणी. पाऊस पडत होता, सगळीकडे पाणीच पाणी होतं; माणसं मोठाल्या सिमेंटच्या नळकांड्यांत राहत होती. पिण्याजोगं पाणी तेवढं नव्हतं. पटकी आली.

डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं संशोधन केंद्र होतं, तिथे ते पटकीवरच काम करत. जूनच्या अखेरीस ते सीमेवरच्या बनगावला पोचले. इस्पितळाच्या पटकीसाठी दिलेल्या दोन खोल्यांत मिळून सोळा खाटा. रोगी जमिनीवर, व्हरांड्यात, एकमेकांना लागून पडलेले. शिरेतून सलाइन द्यायचं तर घाणीतून गुडघे टेकत एकेका रोग्यापर्यंत जावं लागे. बाटल्या संपत आल्या होत्या, आणि सुई टोचू शकणारी माणसं त्याहून कमी.

त्यांनी ठरवलं की आता तोंडानेच द्यायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातल्या केंद्रात पुड्या बांधल्या गेल्या, बनगावला पिंपांत पाणी भरून त्यात त्या ओतल्या गेल्या, आणि पेले नातेवाइकांच्या हाती देण्यात आले. लेकराला पाजायचं काम आईचं, बहिणीचं, आजोबांचं. नर्स नव्हत्या म्हणून केलेली ही सोय होती. पण खरा शोध तोच होता, असं मला वाटतं. रसायन आधीपासून माहीत होतं. ते एका अडाणी, घाबरलेल्या आईच्या हाती निर्धास्तपणे देता येतं, हे कुणी करून दाखवलं नव्हतं. सुरुवातीला शंभर रोग्यांत तीसजण दगावत होते. पेल्याने पाजणं सुरू झाल्यावर, तीन हजारांहून अधिक रोग्यांमध्ये हे प्रमाण चारच्याही खाली आलं: ३.६ टक्के.

हे रसायन चालतं कसं? पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. त्या विषाने आतड्याच्या अस्तराची दारं सताड उघडतात आणि अंगातलं पाणी मिठासकट वाहू लागतं, पेजेसारखं पांढुरकं. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी असं जाऊ शकतं. दहा किलोच्या लेकराच्या अंगातून एक लिटर गेलं की जीव जायची वेळ येते. अशा वेळी नुसतं पाणी पाजून भागत नाही. आतडं ते आत घेतच नाही. नुसतं मीठ-पाणीही नाही. पण आतड्यात एक दार असं आहे जे त्या विषाने बिघडत नाही, आणि त्या दाराची अट विचित्र आहे: मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच आत सोडायचे. एकट्याला प्रवेश नाही. जोडी आत गेली की मागोमाग पाणीही जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडी जगापुढे मांडली. ढाक्यात १९६८ साली नलिन आणि कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ती पटकीच्या रोग्यांवर वापरून दाखवली. बनगावात ती इस्पितळाच्या भिंतीबाहेर पडली. पुढे ‘लॅन्सेट’ने १९७८ साली विसाव्या शतकातला वैद्यकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा शोध, अशा शब्दांत तिची गणना केली. मराठीत तिला जलसंजीवनी म्हणतात. परदेशी शब्दाला इतका नेमका प्रतिशब्द सरकारी मराठीत क्वचित सापडतो.

त्या विषाचा शोध लावणाऱ्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शंभुनाथ डे हे कलकत्त्याचे. पटकी रक्तात शिरून मारत नाही, आतड्यात विष सोडून मारते, हे त्यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केलं. त्याआधी पाऊण शतक, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांनी याच कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात जंतू पकडला होता. कॉख शाळेच्या पुस्तकात आहेत, डे नाहीत. १९८५ साली ते वारले तेव्हा देशात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि आपण नागपूरकरांनी तर पटकीची तारीख लक्षात ठेवायलाच हवी. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज लढत होते, त्याच महिन्यात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेला पटकीने गाठलं. थोड्याच दिवसांत हजारो शिपाई आणि बाजारबुणगे मेले. फौज, यात्रा, निर्वासितांचा तांडा: एका जागी खूप माणसं, आणि पाणी एकच. पटकीला एवढंच लागतं. गावोगावी लोकांनी मरीमायला गाड्यात बसवून वेशीबाहेर धाडलं. इतवारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, काळी १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून. तेव्हाही रोगराई घेऊन जा, असंच तिला ओरडून सांगतात. शास्त्र शिकलेला माणूस यावर हसतो. मला हसू येत नाही. रोग बाहेरून येतो आणि तो घालवायला सगळ्या गावाने मिळून निघावं लागतं, ही समजूत तितकीशी चुकीची नाही. चुकला तो फक्त पत्ता. रोग वेशीवर नव्हता, घागरीत होता.

जलसंजीवनी मरणाला थोपवते. पाणी स्वच्छ करत नाही. हा फरक १९९४ साली गोमात दिसला. रवांडातल्या कत्तलीनंतर जुलैत पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत सरहद्द ओलांडून गोमा शहराजवळ आली. शेजारी किवू सरोवर, नजर पोचेल तिथवर गोडं पाणी. जमीन मात्र ज्वालामुखीच्या लाव्हाची, इतकी कठीण की शौचखड्डा खणता येईना, मेलेल्याला पुरताही येईना. माणसं सरोवराच्या काठावरच विधी करत आणि तिथूनच पाणी भरत. पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं मेली, बहुतेक पटकी आणि हगवणीने. ज्यांच्यासोबत कुणी मोठं माणूस नव्हतं अशी मुलं त्यांत फार होती. पेला धरायला आई असावी लागते, आणि त्यांना ती नव्हती.

तुरटीची गोष्ट इथे येते. गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपणहून खाली बसत नाहीत. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटी त्यांचं हे भांडण मिटवते. कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. आजीने मातीच्या माठात तुरटीचा खडा दोनदा फिरवला की सकाळी पाणी नितळ दिसायचं, ते यामुळेच. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. जंतू मारायला क्लोरीन लागतो. मग सरळ क्लोरीनच का टाकू नये? कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो आणि जंतू शिल्लक राहतात. म्हणून आधी तुरटी, मग गाळणं, मग क्लोरीन, मग अर्धा तास धीर. नळाशी पाणी येईल तेव्हा लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन त्यात उरलेला असावा, असं मानक आहे. छावणीत पोरं या वासाला नाकं मुरडतात आणि ओढ्याचं पाणी पितात. मदत करणाऱ्यांची अर्धी शक्ती ही चव गळी उतरवण्यात जाते.

नळाशी स्वच्छ असलेलं पाणी राहुटीपर्यंत स्वच्छ राहतंच असं नाही. मलावीत मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. तिथे १९९३ साली काही कुटुंबांना अरुंद तोंडाची, तोटी असलेली बादली देऊन पाहिली, बाकीच्यांकडे नेहमीच्या उघड्या बादल्या. पाणी तेच, विहीर तीच. अरुंद तोंडाची बादली मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या हगवणी ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. कारण एवढंच की बादलीत हात जाईना. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची कळशी आठवली. कळशीचा गळा अरुंद असतो तो पाणी हिंदकळू नये म्हणून, असं मी समजत होतो. तिने आणखी काय काय अडवलं असेल! आणि माठावर ओगराळं टांगून ठेवणाऱ्या, त्यात पेला बुडवला म्हणून पाठीत धपाटा घालणाऱ्या आयांनी तर ३१ टक्के हा आकडा कधी ऐकला नव्हता.

हापशाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण मराठी होणार नाही. आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात. १९६०च्या दशकात दुष्काळी भागांत विंधनविहिरी खणल्या जाऊ लागल्या, पण वर बसवलेले बिडाचे पंप एका घरासाठी केलेले. गावाने वापरले की महिन्याभरात खिळखिळे. जालन्याच्या मिशनमध्ये काम करणाऱ्यांनी एकाच खिळीवर फिरणारा दणकट पंप बनवला, तो जालना पंप. सोलापुरात तो आणखी सुधारला, तो सोलापूर पंप. त्याच्यावरून युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज हा पंप जगात सर्वांत जास्त वापरला जाणाऱ्या हापशांपैकी आहे. आफ्रिकेतल्या छावणीत एखादा पोरगा दोन्ही पाय उचलून ज्या दांड्याला लटकतो, त्या दांड्याचं माहेर मराठवाड्यात आणि सोलापुरात आहे.

पण जमिनीखालचं पाणी म्हणजे हमखास शुद्ध, हा विश्वास बांगलादेशात फार महाग पडला. तळ्याचं पाणी पिऊन मुलं मरतात म्हणून तिथे लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. हगवणी कमी झाल्या. १९९३ साली मात्र कळलं की त्यातल्या असंख्य नळ्यांमधून आर्सेनिक येत आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. ते वर्षानुवर्षं अंगात साचतं आणि मग हातापायांच्या कातडीवर उमटतं. विदर्भातल्या काही गावांत विंधनविहिरींतून येणारं फ्लोराइड याच जातीचं, दात पिवळे करून पुढे हाडं वाकवणारं. १९७१ साली ज्या मुलांना पेल्याने पाजून वाचवलं, त्यांतली कित्येक युद्ध संपल्यावर परत गेली आणि याच कूपनलिकांचं पाणी पीत मोठी झाली असतील.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांनी आपल्या पद्धतीचं एकस्व घेतलं नव्हतं; पिंप आणि पेला यांचं घेणार तरी काय!

किराणा ओळीत गेलात तर पुडी आणून ठेवा, जलसंजीवनीची तयार पाकिटं औषधाच्या दुकानातही मिळतात. पाकीट नसेल आणि घरात लेकराला जुलाब लागले, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा पिईनासं झालं तर डॉक्टरकडे न्या, वाट पाहू नका. आणि चोवीस तासांनी जे उरेल ते टाकून द्या.